कथेची कल्पना दुसऱ्याने वापरली तर कॉपीराइटचा भंग होतो का?

नुसती कल्पना वापरली असेल तर नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत, चित्रांत किंवा सुरांत मांडली त्या मांडणीला मिळतो. बौद्धिक संपदा हक्कांवरच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या कलम ९(२) मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

‘दोन जुळे भाऊ, एक पोलीस, एक चोर’ ही कल्पना कोणीही वापरू शकतो. पण तुमच्या कथेतले प्रसंग त्याच क्रमाने, पात्रं त्याच बारकाव्यांसह आणि संवाद थोडे इकडचे तिकडे करून उचलले, तर नावं बदलूनही तो भंगच ठरू शकतो. ‘वीस टक्के बदल केला की चालतं’ ही निव्वळ अफवा आहे, कृपया तिच्यावर विसंबू नका. किती घेतलं याइतकंच काय घेतलं हेही पाहिलं जातं.

म्हणून कोणाला ऐकवण्याआधी कथा सविस्तर लिहून काढा: प्रसंगांचा क्रम, पात्रं, जमल्यास काही संवादही. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, मानणाऱ्या देशांत हक्क लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणीची अट नाही. वाद झाला तर मात्र पुरावा लागतो, तेव्हा प्रत्येक खर्डा तारखेसह जपा आणि कथा ईमेलने पाठवा, म्हणजे ती समोरच्याला पाठवल्याची नोंद राहते. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याने तुमची कथा न पाहता स्वतंत्रपणे तसंच लिहिलं असेल तर तो भंग नसतो.

कल्पनाच जपायची असेल तर सांगण्याआधी गोपनीयतेचा करार करून घ्या. शीर्षकाला सहसा कॉपीराइट मिळत नाही.