भाषण राहू दे, यादी काढ

प्रिय,

तुमच्या पक्षात यंदा सोलापूरचा शहराध्यक्ष मतदानाने निवडणार, आणि एका उमेदवाराची सगळी तयारी तुझ्या गळ्यात पडली आहे. भाषणाचे मुद्दे मागितले आहेस. ते नंतर पाहू. आधी पक्षाची घटना मिळव, शेवटच्या दुरुस्तीसकट.

घटनेत एवढंच शोध: मत कोणाला आहे, सूचक किती लागतात, माघार किती वाजेपर्यंत आणि तक्रार कोणाकडे. पक्षागणिक हे बदलतं. भाजपमध्ये निम्म्या प्रदेशांतल्या संघटनात्मक निवडणुका उरकल्याशिवाय राष्ट्रीय अध्यक्ष निवडता येत नाही. काँग्रेसमध्ये राष्ट्रीय अध्यक्षासाठी प्रदेश प्रतिनिधी मत देतात. पावती फाडलेल्या साध्या सदस्याला मत नसतं. तुमच्याकडेही मत फक्त प्रतिनिधींना असेल, तर कन्ना चौकात सभा भरवून काय मिळणार? दुरुस्ती निवडणूक आयोगाकडे पोचली आहे ना, तेही विचार. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने निकाल दिला, तेव्हा पक्षघटनेची २०१८ ची दुरुस्ती आयोगाच्या नोंदीत नसण्याचा मुद्दा ठाकरे गटाला चांगलाच जड गेला.

आता यादी. निम्मी निवडणूक इथेच होते, आणि नेमका याच कामाचा सगळ्यांना कंटाळा. मोबाइलवर आलेले फोटो चालवून घेऊ नकोस. पानांना क्रमांक आणि खाली निर्वाचन अधिकाऱ्याची सही असलेली प्रत माग, आणि अर्जाची पोच घे. २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाच्या वेळी शशी थरूर आणि आणखी काही खासदारांना आधी यादीसाठीच पत्र लिहावं लागलं होतं.

यादी हातात आली की दोघं बसा. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने पावतीबुकाशी ताडायचं. पंचवीस-तीस नावांपुढे एकच मोबाइल नंबर, ओळीने पावत्या आणि एकच हस्ताक्षर दिसलं, की ती नोंदणी कोणीतरी घरी बसून केली आहे असं समज. तरी लगेच बोंब मारू नकोस, त्यातले दहाजण प्रत्यक्ष भेटून ये. कारण सोलापुरात प्रामाणिक चुकाही भरपूर होतात. पूर्व भागात तेलुगू घरांत आडनाव आधी, तेही नुसत्या आद्याक्षराने लिहायची सवय. कारकुनाने ते मराठी पद्धतीने फिरवलं की एका माणसाचे दोन होतात. ‘शेख’ एकदा पुढे, एकदा मागे. कन्नड नावातला ‘अप्पा’ एकदा जोडून, एकदा तोडून. आणि कुंभारीची विडी कामगारांची गोदूताई वसाहत: माणसं दिवसभर शहरात वावरतात, पण वसाहत महापालिका हद्दीबाहेर. शहर आणि ग्रामीण अशा दोन शाखा असतील, तर ही नावं कुठे धरली आहेत ते आधीच लेखी विचारून ठेव. मतदानाच्या दिवशी हा वाद निघाला, तर ती मतं गेलीच म्हणून समज.

हरकत एका कागदावर एकच. वीस नावं एकाच अर्जात कोंबलीस, तर त्यातल्या एका चुकीवर अख्खा अर्ज फेटाळतात.

उमेदवारी अर्ज एक भरून थांबू नकोस. तीन भर, तिन्हींवर वेगळे सूचक. २०२२ च्या त्याच काँग्रेस निवडणुकीत मल्लिकार्जुन खर्गे यांच्या बाजूने १४ अर्ज होते, थरूर यांचे ५, तिसरे इच्छुक के. एन. त्रिपाठी यांचा १. या वीसपैकी चार सह्यांच्या घोळामुळे बाद झाले. त्रिपाठी यांचा एकच अर्ज होता, तो गेला आणि तेही शर्यतीबाहेर पडले. सूचकाला नोंदणीत आहे तशीच सही करायला सांग. नोंदणी तेलुगूत असेल तर सहीही तेलुगूतच. एका सूचकाची सही दोन अर्जांवर नको.

भेटीगाठींचं तुला येतंच. फक्त वेळ सांभाळ. यंत्रमाग कामगाराला पाळी सुटल्यावर गाठ, खडखडाटात काही ऐकू येत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. ती हजार विड्यांचा हिशेब मनात धरून असते, तिला उठवू नकोस, जवळ बसून बोल. तारीख तुमच्या हातात असेल तर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस टाळ. जानेवारीच्या मध्याला अर्धं गाव सिद्धेश्वरापाशी असतं. वहीत प्रत्येक नावापुढे आपला, समोरचा, काठावरचा अशी खूण कर. ‘बघू की’ म्हणणारा काठावरचा नसतो, समोरचा असतो.

सगळं जुळल्यावर मुंबईहून निरीक्षक येतात आणि एका ओळीचा ठराव पुढे सरकतो: ‘निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना.’ मला ही पद्धत पटत नाही, पण ती येणार हे गृहीत धर. उमेदवाराने तेव्हा काय म्हणायचं ते आदल्या रात्रीच ठरवा. मतदानच मागायचं असेल, तर त्याच बैठकीत उभं राहून ‘घटनेप्रमाणे मतदान घ्या’ म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. बाहेर पत्रकारांपुढे बोलून ठराव मागे येत नाही.

मतपत्रिकेचा नमुना दोन दिवस आधी पाहा. २०२२ ला आधी पसंतीच्या नावापुढे ‘१’ लिहायचं ठरलं होतं. पण खर्गे यादीत पहिले आणि थरूर दुसरे, म्हणजे गोंधळ होणारच. तक्रार झाली आणि बरोबरची खूण ठरली. तरीही ४१६ मतं बाद झालीच. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. म्हणजे शंभरात चारांहून जास्त मतं वाया. तुमची लढत अटीतटीची असेल तर एवढ्यात निकाल फिरतो. आपल्या मतदारांना कोऱ्या कागदावर खूण करून घडी घालायला लाव. घडी आधी उभी, मग आडवी. आधी आडवी घातली तर ओली शाई खालच्या नावावर उमटते.

मोजणीला दोघं पाठव, एक बघायला आणि एक लिहायला. पेटी उघडण्याआधी सील पाहायचं, मग झालेल्या मतदानाचा आकडा आणि पेटीतल्या पत्रिका जुळवायच्या, त्यानंतरच गठ्ठे. बाद पत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवायला लाव, आणि निकालपत्रकाची सहीची प्रत हातात पडल्याशिवाय दोघांनी तिथून हलायचं नाही. गुलाल बाहेर उधळला जात असेल, तरी.

यादी मिळाली की कळव.

तुझा,
काका