त्या केसपेपरवर लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि दोनदा वाचले. छातीत दुखते म्हणून आलेल्या ८४ वर्षांच्या कृष्णवर्णीय आजी, त्यांच्या ईसीजीत दिसलेला किंचित बदल, रात्रभर दाखल करून घेण्याचा तुम्ही घेतलेला योग्य निर्णय, आणि संमतीचा कागद पुढे येताच "मला घरी जायचे आहे" असे म्हणून पर्स उचलून त्यांचे उठणे, हे सारे तू बारकाईने लिहिले आहेस. तुझ्या वरिष्ठांनी केसपेपरवर 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेले न ऐकणारी रुग्ण, एवढा एक शब्द लिहिला आणि ते पुढच्या रुग्णाकडे गेले, हेही लिहिलेस. अशा माणसांना कसे पटवायचे, असा तुझा प्रश्न आहे. त्या आजी मूळच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरोच्या, सगळा जन्म तिथेच गेलेला, असे तू ओघात लिहून गेलीस. मला तुझ्या पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली.

जरा हिशेब कर. त्या पाच-सहा वर्षांच्या असतील तेव्हा, ऑगस्ट १९४६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हिल-बर्टन कायद्यावर सही केली. देशभर रुग्णालये बांधण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा देणारा हा कायदा होता आणि जिथे मैलोन्‌मैल डॉक्टर नव्हता अशा भागांत त्याने मोठे काम केले, हे मान्यच करायला हवे. पण त्याच कायद्यात एक कलम असे होते की, निरनिराळ्या लोकसमूहांसाठी वेगळी रुग्णालये असली तरी चालेल, फक्त सेवा सारख्या दर्जाची असावी. दर्जा सारखा कुठेच नव्हता. वेगळेपण मात्र सरकारी मोहोर उठवून पक्के झाले, आणि ते बांधण्याचा खर्च ज्या करांतून झाला त्यात त्या आजींच्या आईवडिलांचाही पैसा होता.

ग्रीन्सबरोमध्ये याचा अर्थ काय होता ते सांगतो. मोझेस कोन आणि वेस्ली लाँग ही दोन मोठी रुग्णालये गोऱ्यांची. दोघांना मिळून या कायद्याखाली ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. वेस्ली लाँग कृष्णवर्णीयांना घेतच नसे. कोन मोजक्या रुग्णांना, तेही खास अटींवर, घेत असे. बाकी सगळ्यांसाठी एल. रिचर्डसन मेमोरियल हे एकच रुग्णालय, जुने आणि नेहमी भरलेले. १९६२ च्या सुमारास डॉ. जॉर्ज सिम्किन्स या दंतवैद्यांकडे एक विद्यार्थी आला. अक्कलदाढेपाशी पू झालेला, जबडा सुजलेला, अंगात ताप. रिचर्डसनमध्ये खाट रिकामी नव्हती, म्हणून सिम्किन्स यांनी बाकीच्या दोन ठिकाणी विचारले, आणि दोन्हीकडून नकार मिळाला. सुजलेला जबडा ही काही अवघड केस नव्हे. तू इंटर्नशिपमध्ये अशा कितीतरी पाहिल्या असशील. खाटा तिथे होत्या. नकाराचे कारण रुग्णाच्या कातडीचा रंग, एवढेच.

सिम्किन्स यांनी आणखी काही डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्ण यांना बरोबर घेऊन फेब्रुवारी १९६२ मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयात ते हरले, कारण ही रुग्णालये खासगी आहेत, असे न्यायाधीशांनी ठरवले. केंद्र सरकारचा न्याय विभाग या खटल्यात वादींच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे सरकारच आपल्या कायद्यातले ते कलम घटनाबाह्य आहे असे म्हणू लागले. १ नोव्हेंबर १९६३ रोजी चौथ्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, ३ विरुद्ध २ मतांनी निकाल वादींच्या बाजूने दिला, आणि मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. एका मताच्या फरकाने लागलेला निकाल आहे हा. तुझ्या आजी तेव्हा विशीच्या थोड्या पुढे होत्या. तोवर बाळंतपण, अपघात, आईचे आजारपण, जे काही त्यांच्या घरात झाले असेल, ते बंद दारांच्या त्या शहरात झाले.

खाट आणि रंग यांचे गणित किती कठोर होते, ते १९५० च्या डिसेंबरमधल्या एका घटनेवरून कळेल. मॅल्थियस एव्हरी हा महायुद्धातून परतलेला तरुण ग्रीन्सबरोच्या कृषी व तंत्र महाविद्यालयात शिकत होता. मोटार अपघातात तो गंभीर जखमी झाला. जवळच्या रुग्णालयाने प्रथमोपचार करून त्याला ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवले. तिथे कृष्णवर्णीयांसाठी ठरवून दिलेल्या खाटा भरल्या होत्या, म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. डरहॅममधल्या लिंकन या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेल्यावर थोड्याच वेळात तो गेला.

इथे थोडे थांबून एक सांगतो. रक्तपेढीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. चार्ल्स ड्रू यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोऱ्यांच्या रुग्णालयाने नाकारले आणि रक्ताअभावी त्यांचा मृत्यू झाला, ही गोष्ट तुला कोणी ना कोणी सांगेलच. ती खरी नाही. अपघातानंतर त्यांना दाखल करून घेतले गेले आणि तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची शर्थ केली. रेड क्रॉस मात्र १९५० पर्यंत कृष्णवर्णीयांचे रक्त वेगळे ठेवत होती, आणि एव्हरीचा मृत्यू ड्रू यांच्यानंतर आठ महिन्यांनी झाला. खरे एवढे ढळढळीत समोर असताना ऐकीव गोष्टीचा आधार घेऊ नकोस. एक चुकीचा दाखला दिलास की समोरचा बाकीचे सगळे झटकून टाकायला मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट, जी फारसे कोणी बोलत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कितीतरी जिल्ह्यांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना स्थानिक वैद्यकीय संघटनेचे सभासदत्व मिळत नसे, आणि सभासदत्व नाही म्हणून रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा अधिकारही नसे. त्यामुळे जिथे कृष्णवर्णीय रुग्णाला तळघरातल्या एखाद्या वॉर्डात घेत, तिथेही त्याचा वर्षानुवर्षांचा, घरच्यासारखा डॉक्टर दाराशीच सुटे. आत अनोळखी गोरे डॉक्टर, अनोळखी परिचारिका, आणि पुढे केलेला कागद. त्या आजींनी कोणता कागद पाहून पर्स उचलली, याचा आता पुन्हा विचार कर. अविश्वासाचा विषय निघाला की आपण सगळे टस्कीगीचे नाव घेतो. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरमीच्या रुग्णांना उपचाराविना ठेवून पाहात बसण्याचा तो प्रयोग भयंकर होताच. पण मला असे वाटते की, ग्रीन्सबरोच्या बाईला घाबरायला दूरच्या अलाबामाची गरज नव्हती. तिच्या गल्लीच्या टोकावरचे रुग्णालय पुरेसे होते.

न्यायालयाचा निकाल लागला म्हणून दारे आपोआप उघडली नाहीत. ती उघडली पैशाने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सांगितले की, केंद्राचा पैसा घेणाऱ्याला वंशभेद करता येणार नाही. पुढच्या वर्षी मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा, आला आणि १ जुलै १९६६ पासून पैसे सुरू व्हायचे होते. ज्या रुग्णालयात भेदभाव चालू आहे त्याला मेडिकेअर नाही, अशी अट घालण्यात आली. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात, तसे झाले. हातात काही महिनेच होते, म्हणून सरकारच्या इतर खात्यांतली माणसे उसनी घेऊन तपासनीस नेमले गेले. ते वॉर्डावॉर्डांत फिरून कोण कोणाशेजारी झोपला आहे, उपाहारगृहे वेगळी आहेत का, डॉक्टरांना प्रवेश कसा दिला जातो, हे पाहात. काही रुग्णालये तपासणीच्या दिवसापुरते रुग्ण इकडून तिकडे हलवत. तेव्हा तिथेच फरशी पुसणारे, जेवणाची ताटे नेणारे कृष्णवर्णीय कर्मचारी नोकरी पणाला लावून खरी माहिती बाहेर पोचवत. इतिहासात त्यांची नावे फारशी नाहीत. मला मात्र सबंध लढ्यात तीच माणसे सर्वांत मोठी वाटतात. चार-पाच महिन्यांत हजारभर रुग्णालयांनी भेदभाव सोडला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मिसिसिपीत जुलाब आणि न्यूमोनियाने दगावणाऱ्या कृष्णवर्णीय अर्भकांची संख्या झपाट्याने खाली आली. औषधे तीच होती. ती देणाऱ्या खोलीत आता त्या बाळांना प्रवेश होता.

तू आणि मी या गोष्टीच्या बाहेर आहोत, असे समजू नकोस. ऑक्टोबर १९६५ मध्ये देशवार कोटा रद्द करणारा नवा स्थलांतर कायदा झाला नसता, तर १९७४ साली मला पुण्याहून इथे येता आले नसते, आणि तो कायदा त्याच नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात मंजूर झाला. रेसिडेन्सीत, म्हणजे रुग्णालयातल्या या प्रशिक्षणात, तुला जो पगार मिळतो, त्याचाही मोठा भाग मेडिकेअरमधून येतो. म्हणून आपल्या मराठी डॉक्टरांच्या पंगतीत "हे लोक औषधेच घेत नाहीत" असे कोणी सहज बोलून जातो, तेव्हा माझा घास तोंडातच राहतो. डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवलेली काठेवाडातली हकीकत तू वाचली असशील: बाळंतिणीला डॉक्टर हात लावायला तयार नव्हता, तिचा थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातून तिच्या नवऱ्याकडे आणि तिच्याकडे गेला आणि त्याच वाटेने परत आला, आणि ती बाई वाचली नाही. विटाळ म्हणजे काय, हे ज्यांच्या भाषेत शब्दानिशी ठाऊक आहे, त्यांना त्या आजींचे उठून जाणे कळायला जड जाऊ नये.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी सत्तरीतल्या एका कृष्णवर्णीय बाईंना, सगळे सहकारी म्हणत तसे, पहिल्या नावाने हाक मारली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलीने मला व्हरांड्यात बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, "माझ्या आईला आयुष्यभर याच नावाने बोलावले गेले, शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या बाईंना मात्र तुम्ही 'मिसेस' म्हणता." मला कापरे भरले. आपल्याकडे मी कोणत्याही म्हातारीला अरे-तुरे केले नसते. इंग्रजीत अहो-जाहो नाही म्हणून मला वाटले की तिथे मानच नसतो. तो 'मिस' आणि 'मिसेस' या शब्दांतच असतो. अलाबामात मेरी हॅमिल्टन यांनी 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय न्यायालयात उत्तर देणार नाही असे सांगितले, त्यासाठी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि ती रद्द करण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ते साल १९६४, महिना मार्च. सिम्किन्स यांच्या निकालावर शेवटची मोहोर उठली तोच महिना.

मंगळवारी आजी आपल्या मुलीबरोबर तुझ्या क्लिनिकमध्ये येणार आहेत, असे तू लिहिले आहेस. दार उघडून स्वतः बाहेर जा आणि त्यांना 'मिसेस' लावून आडनावाने बोलाव. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बस. संगणकाकडे तोंड करून बसू नकोस. ईसीजीकडे वळण्याआधी विचार की त्यांचा जन्म कुठे झाला, मुले कुठे झाली, आणि घरातले कोणी आजारी पडले की पूर्वी कुठे नेत. मग गप्प राहा. कदाचित त्या काहीच सांगणार नाहीत, आणि ते त्यांचे स्वातंत्र्य आहे. कदाचित रिचर्डसनचे नाव निघेल. रात्रभर राहावे लागले तर त्यांचा नेहमीचा डॉक्टर भेटायला येऊ शकेल का, मुलीला खोलीत झोपता येईल का, हे आधीच विचारून ठेव आणि त्यांना सांग. संमतीचा कागद वाचून दाखव, एकेक ओळ, आणि सही न करता तो घरी नेण्याची मुभा दे.

केसपेपरवरचा तो शब्द आता पुसता येणार नाही, पण त्याखाली तुझी नोंद जोडता येते. रुग्णाने काय केले, यापेक्षा रुग्णाने काय सांगितले ते लिही, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, आणि खाली तुझे पूर्ण नाव घाल. नंतर कोणी तो केसपेपर उघडेल तेव्हा त्याला दोन्ही नोंदी दिसतील.

मंगळवारी काय झाले ते मला सविस्तर कळव. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका