गुरुवारच्या तासाबद्दल

प्रिय बाई,

मुलं तुला आता बाई म्हणत नसतील, म्याडमच म्हणत असतील. पण माझ्या तोंडात जुनाच शब्द बसलाय, चालवून घे.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीनंतर शाळा भरली आणि नववीत पटावर ४८ असताना वर्गात ३१ च पोरं दिसली, हे वाचून तू हादरलीस हे कळलं. मला नवल वाटलं नाही. बीडच्या त्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरतात आणि कोल्हापूर, सांगली, थेट बेळगावकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे तिथं एक कोयता. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ते फेडायचे. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. काही पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडात जातात, काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात मागे राहतात. तुझ्यासमोर बसलेली ३१ जणं या मागे राहिलेल्यांतलीच. गेलेल्यांची काळजी सगळे करतात, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेल्या शिक्षण हमी कार्डाची चौकशीही होते. मागे राहिलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती हजेरीत ‘उपस्थित’ असतात.

मुख्याध्यापकांनी तुला गुरुवारचा एक तास दिला आणि सहामाहीत नापास झालेल्यांची यादी हातात ठेवून सांगितलं, “यांचं समुपदेशन करा.” ती यादी घडी करून पर्समध्ये ठेव. तिच्यावरून समुपदेशनाचा गट करू नकोस.

मी तसा केला होता. गणितात ३५ च्या खाली असलेले नऊ जण परिपाठानंतर नावं पुकारून बोलावले. दुसऱ्या आठवड्यात शाळेत त्यांचं नाव पडलं, ‘ढ गँग’. तिसऱ्या आठवड्यात चौघेच आले. त्यांतल्या एकानं मला सरळ विचारलं, “सर, आम्हालाच का?” मला उत्तर देता आलं नाही. गणितात कच्चं असणं हे त्या नऊ जणांत सारखं होतं, पण त्याची कारणं नऊ होती. एकाचं अपूर्णांकावरच अडलेलं, एकीला रात्री अभ्यासाला जागा नाही, एक पोरगं गणिताच्या सरांना भ्यायचं. एकमेकांना द्यायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. मग मीच बोलत सुटलो. चाळीस मिनिटं उपदेश! समुपदेशनाचा तास आणि रागावण्याचा तास यांत एवढाच फरक राहिला की मी आवाज खाली ठेवला होता.

गट बांधायचा तो परिस्थितीवरून. ज्यांचे आईबाप यंदा ऊसतोडीला गेलेत आणि जे मागे राहिलेत, अशी सहा ते आठ पोरं घे. त्यांत दोन तरी अशी असू देत की ज्यांचं बरं चाललंय, म्हणजे आईबाप नसतानाही जी वेळेवर येतात, डबा स्वतः करून आणतात. ही दोन पोरं तुझ्यापेक्षा जास्त काम करतील. भावकीतल्या भांडणातली दोन घरं एका गटात घेऊ नकोस. मुली एकट्या-दुकट्या नकोत, निम्म्या असू देत, नाहीतर वेगळा गट कर. बोलावण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचार, “येशील का?” नाही म्हणालं तर सोडून दे. बहुतेक वेळा ते दोन आठवड्यांनी आपण होऊन दारात उभं राहतं.

तुला एक गंमत सांगतो. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाचा डॉक्टर क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचा. त्याला त्यांना शिकवायचं होतं ते एवढंच, की मोकळ्या हवेत झोपा, विश्रांती घ्या, रोजची नोंद ठेवा. पण त्याच्या ध्यानात आलं की माणसं त्याच्या व्याख्यानापेक्षा शेजारी बसलेल्या रुग्णाकडं बघून धीर धरतात. गटातून उपचार करण्याची सुरुवात लोक तिथून मोजतात. आपल्याकडं पारावर बसणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल, पण शाळेत शिरलं की आपण नेमकं हेच विसरतो.

आता एक दिवस सांगतो. माझा दुसरा गट, आठवीचा, सात जणांचा. मी शेंगा नेल्या होत्या. हे तूही कर, हाताला चाळा असला की तोंड सुटतं आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एक पोरगं रोज पहिल्या तासाला झोपायचं, म्हणून शिक्षकांचा मार खायचं. (मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंद आहे, आणि तरी काय चालतं ते तू बघशीलच.) त्या दिवशी शेंग फोडता फोडता ते म्हणालं, “बारकी रात्रभर रडती. मायला फोन लावला तर फडात रेंज नसती.” माझ्या जिभेवर प्रश्न तयार होता, “मग तुला कसं वाटतं?” शिबिरात शिकवलेला. मी तो गिळला. आजही वाटतं, त्या वर्षात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. कारण समोरून एक पोरगी टरफलं गोळा करता करता म्हणाली, “मपली बी रडायची. मायचं पातळ देते पांघरायला. न धुतलेलं. गप झोपती.”

न धुतलेलं. हे कुठल्या पदविकेत शिकवतात, सांग.

पुढच्या गुरुवारी ते पोरगं आलं आणि बसायच्या आधीच त्या पोरीला म्हणालं, “झोपली.” बाकीच्यांना काही कळलं नाही, त्या दोघांना कळलं. म्हणून म्हणतो, गप्प बसायला शीक. कुणी काही बोललं की मनात दहापर्यंत मोज. सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी तोंड उघडतंच. जे पोर बडबडून सगळा तास खातं, त्याच्याकडं वेळ सांगायचं काम दे. जे बोलतच नाही, त्याला शेंगा वाटू दे. त्याचा हात सगळ्यांपर्यंत पोचला तरी त्या दिवसाला पुष्कळ झालं.

गुपिताचं मात्र नीट ऐक. मी एकदा स्टाफरूममध्ये चहा पिताना एका पोराच्या बापाच्या दारूबद्दल बोललो. चांगल्या हेतूनं, वर्गशिक्षकांनी समजून घ्यावं म्हणून. चार दिवसांनी गृहपाठ नाही म्हणून त्याला वर्गात ऐकवलं गेलं, “बापानं उचल पिली, आता तूही तेच करणार.” ते पोरगं गटात परत आलं नाही. मी त्याच्या वाडीवर गेलो, आजीनं चहा दिला, ते गोठ्यामागून बाहेर आलं नाही. तेव्हापासून कुणी विचारलं तर माझी तीनच उत्तरं: येतो, बसतो, बोलतो.

पण सगळंच पोटात ठेवायला तू मोकळी नाहीस, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं. कुणी तुम्हाला त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा तुमच्याच मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल, तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही, मदत करणाऱ्यापर्यंत नेणार. लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे, ‘घरचा मामला आहे’ हे कुणी कितीही समजावलं तरी. आणि तिकडं आणखी एक गोष्ट येईल, ती येतेच. नववीतली एखादी पोरगी हसत हसत सांगेल की माय-बाप परत आले की माझं उरकणार आहेत. पोरगी एकटी मागे ठेवायची भीती आणि जोडपं झालं की एक कोयता वाढतो, दोन्ही हिशोब त्यात असतात. गटात तिला खोदून विचारू नकोस. तास संपला की एकटीशी बोल आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांग. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, तो टाळाटाळ करू लागला तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर आहे. आईबापांना राक्षस ठरवू नकोस. माझेही वडील चार हंगाम कोयत्यावर गेलेले.

सगळ्या दुखण्यांना गट लागू पडत नाही. ताजा मृत्यू झालेलं घर, जिवाचं बरंवाईट करू पाहणारं पोर, यांना सतरंजीवर बसवू नकोस. त्यांना एकेकटं बघायचं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायचं, आणि रात्री-बेरात्री आधार लागला तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर घरच्यांना लिहून द्यायचा. जे पोर तोंडी चोख सांगतं पण लिहायला घेतलं की अडतं, त्याची तपासणी करून घे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, आणि त्याला धीर देण्याआधी सवलत मिळवून देणं जास्त गरजेचं.

मुख्याध्यापक महिन्यानं विचारतील, मार्क वाढले का. आठ आठवड्यांत मार्क वाढत नाहीत, खोटं सांगू नकोस. हजेरीपत्रक दाखव. ऑक्टोबरातली हजेरी आणि डिसेंबरातली हजेरी, त्या आठ नावांची, शेजारी शेजारी. आणि कान उघडे ठेव. पुढच्या वर्षी हीच पोरं दहावीला येतील. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना गोड बोलून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. म्हणजे परीक्षा पोरांनी बाहेरून द्यायची, नापास झाली तरी शाळेच्या नावावर डाग नाही. तुझी गटाची यादी त्या कामाला कुणी मागितली, तर तुझ्याकडं यादीच नाही.

आठ गुरुवार झाले की थांब. आठवाच शेवटचा, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेव आणि दर वेळी किती राहिले ते मोजायला लाव. या पोरांना माणसं न सांगता जाण्याची सवय आहे, आपण त्यात भर घालायची नाही. मार्चअखेर फडावरची पोरं परततील, त्यांच्यासाठी नवा गट लागेल, तेव्हा जुन्यातलं एखादं बरोबर बसव.

खोली नाही म्हणून लिहिलंयस. प्रयोगशाळेमागची लिंबाची सावली दुपारी दोनपर्यंत असते, पुरते. सतरंजी मात्र शाळेची मागू नकोस, घरून ने. शाळेची गावातल्या लग्नाला जाते आणि नेमकी गुरुवारीच परत आलेली नसते.

तुझा,
सर