घरातली भांडणं, गरिबी आणि लोकांचे टोमणे यांत वाढलेल्या माणसाच्या मनातली लाज कधी जाते का?

जाते, पण हळूहळू. माझे वडील प्यायचे. मी शेजारी वही मागायला गेले की दार अर्धंच उघडायचं. ते अर्धं दार अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांचं व्यसन हा माझा दोष नव्हे, हे पटायला तिशी उजाडली.

मला तारलं ते शाळेतल्या बाईंनी. त्या रोज नुसतं "जेवलीस का?" विचारायच्या. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. अशा बिकट घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली सावरली आणि त्यांतल्या बहुतेकांना जीव लावणारं एक तरी मोठं माणूस होतं.

तुमचं असं माणूस कोण, आठवून बघा. नसेल तर आता शोधा, आणि घरातलं सगळं एकदा त्याच्यापाशी बोला.