दोघांनी डोंगर चालायचे असतील तर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. लग्नानंतर दोघांनी मिळून जगभरचे डोंगर पायी फिरायचं ठरवलंयत, छानच. किलिमांजारो आधी की एव्हरेस्ट बेस कॅम्प, असं विचारतेस. त्याचं उत्तर पुढे देते. तू जे विचारलं नाहीस ते आधी ऐक, कारण डोंगर कुठलाही घेतलात तरी ते लागणारच आहे.

नवरा-बायकोचा चालायचा वेग एक नसतो. तुझे काका नौपाड्यातून ठाणे स्टेशनला निघाले तरी माझ्या दहा पावलं पुढे असतात. डोंगरात मात्र पुढे मी, मागे ते. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. नाहीतर काय होतं, येऊरला कुठल्याही रविवारी बघ. तो झपाझप पुढे जातो, वळणावर दगडावर बसून हिची वाट बघतो, ही धापा टाकत पोचली की हा ताजातवाना उठून चालायला लागतो. म्हणजे जिला दम खायची गरज तिलाच तो मिळत नाही. वर ‘अजून किती वेळ?’ असं विचारलं की संपलंच. डोंगरातली निम्मी भांडणं मला इथेच झालेली दिसली आहेत.

दुसरी गोष्ट, परत फिरायचा अधिकार दोघांनाही, प्रत्येकाला स्वतंत्र. एकाने ‘खाली’ म्हटलं की दोघांनी खाली. कारण विचारायचं ते मुक्कामाला पोचल्यावर. हे घरी चहा पिताना ठरवा. पाच हजार मीटरवर डोकं धड चालत नाही, आणि त्यात आपण भरलेले पैसे आठवतात.

किलिमांजारोला आम्ही गेलो त्या वाटेने शेवटच्या चढाईला बराफू कॅम्पवरून, म्हणजे 4,673 मीटरवरून, मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. पाण्याच्या बाटल्या आम्ही पिशवीत उलट्या ठेवल्या होत्या. बर्फ वरून धरायला लागतो, बाटली उलटी असली की तोंड मोकळं राहतं. उजाडता उजाडता स्टेला पॉइंटला पोचलो, 5,756 मीटर. तिथून उहुरू हे मुख्य शिखर 5,895, म्हणजे उंची उरली होती फक्त 139 मीटर. तिथे काका हातमोजे काढून जॅकेटची चेन लावत होते. चेनचं टोक खाचेत बसेना. मी टॉर्च धरला, तरी बोटं बाजूलाच जात होती. थंडीनेही होतं असं, पण उठून उभे राहिले तेव्हा पावलंही तिरकी पडली, म्हणजे विरळ हवा डोक्याला लागली होती. मी ‘खाली’ म्हटलं. वर्षभर त्या शिखरासाठी राबलेला माणूस एक शब्द न बोलता वळला. बराफूला उतरेपर्यंत चालणं सरळ झालं होतं आणि साहेब चहाबरोबर बिस्किटं मागत होते. उहुरूच्या पाटीसमोरचा फोटो आमच्याकडे नाही. लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारतं, तेव्हा काका स्वतःच सांगतात की बायकोने वळवलं.

उंचीचं गणित पाठ करून ठेवा. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे (3,440) आणि डिंगबोचेला (4,410) जादा मुक्काम ठेवतात तो याचसाठी. तो दिवस वाचवून देणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. किलिमांजारोला तर उद्यानाचं शुल्क दिवसावर असतं, त्यामुळे स्वस्त पॅकेज म्हणजे कमी दिवस. सात-आठ दिवसांचंच घ्या. डोकं दुखणं, मळमळणं एकमेकांपासून लपवायचं नाही. तुझा होणारा नवरा लपवेल असा माझा अंदाज आहे, लक्ष ठेव.

आता तुझा प्रश्न. दोन्हीही आधी नकोत. परदेशातला पहिला डोंगर म्हणून माँ ब्लाँची प्रदक्षिणा करा. सुमारे 170 किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड मिळून दहा-अकरा दिवस. वाट 2,700 मीटरच्या आतच राहते, त्यामुळे विरळ हवेचा फारसा त्रास नाही, पण रोजचा चढ-उतार दोघांचेही पाय आणि स्वभाव नीट तपासून देतो. रात्री डोंगरातल्या निवाऱ्यात, बऱ्याचदा एका खोलीत दहा-बारा अनोळखी माणसांबरोबर झोपायचं. घोरणाऱ्यांची सवय होईल, ती पुढे संसारातही उपयोगी पडते. हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडे घोडबंदर रोडवर पाणी तुंबलेलं असतं तेव्हा. निवारे काही महिने आधी भरतात. या तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी ज्या देशात रात्री जास्त, तिथे अर्ज करायचा, म्हणून मुक्काम आधी ठरवा. विमा काढताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात धरलाय ते वाचा. साध्या प्रवासविम्यात बऱ्याचदा डोंगर धरलेला नसतो.

नोकऱ्या सोडू नका. सगळं सोडून निघालेल्यांचे व्हिडिओ मीही बघते, पण त्यांच्या घरी आजारी सासूचं कोण करतं ते त्यात दिसत नाही. वर्षाकाठी एक मोठा डोंगर पुरे. फ्लॅट एका खोलीने लहान घ्या, हप्त्यात जो फरक पडेल त्यातच तो भागतो.

तयारीला ठाण्याबाहेर जायची गरज नाही. तुमच्या टॉवरचे जिने आहेत की! पिशवीत पाण्याचे कॅन भरून चढा, वर गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घाला आणि लिफ्टने खाली या, गुडघे वाचतात. उतरायचा सराव मात्र खऱ्या डोंगरावरच होतो. त्यासाठी कसारा लोकलने आसनगाव गाठा आणि माहुली करा. पावसाळा सरला की कळसूबाई. शिखराची उंची 1,646 मीटर, चढायला काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना वाटतं.

चालायच्या काठ्या विकत घेऊ नका. आमच्या दोन जोड्या माळ्यावर आहेत, येत्या रविवारी येऊन घेऊन जा. येताना त्यालाही आण, आणि उपवनपासून आमच्या घरापर्यंत चालतच या. पुढे तू.

तुझी,
काकू