गावात नवीन सभागृह बांधायचं आहे. जागा आणि आराखडा ठरवताना लोकांना कसं सामील करून घ्यावं?

जागा पक्की होण्याआधीच विषय वॉर्डसभेत आणि महिला सभेत न्या, आणि ठराव ग्रामसभेत त्यानंतरच मांडा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा बरेचदा फक्त कागदावर उरकली जाते, आणि नुकसान तिथेच होतं. रात्री त्या वाटेवर दिवा आहे का, शौचालयाचं दार कुठल्या बाजूला उघडणार, लग्नाच्या स्वयंपाकाला पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न बायकाच विचारतात, आणि भरल्या ग्रामसभेत त्यातल्या अनेकजणी बोलत नाहीत.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावात शंभर माणसांत ठराव होतो आणि एखादी वस्ती सहज सुटून जाते. म्हणून वस्तीवर जाऊन विचारा. कागदावरचा नकाशा सगळ्यांना उमगत नाही. दोन-तीन पर्यायी जागांवर चुन्याच्या फक्कीने प्रत्यक्ष मापाची आखणी करा आणि म्हाताऱ्या माणसांना तिथपर्यंत चालवून बघा. आलेल्या सूचना आणि नाकारलेल्यांची कारणं दोन्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

एक मात्र लक्षात ठेवा: जागा गायरान, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, असेल तर नुसत्या ठरावाने ती मिळत नाही, आधी महसूल खात्याची मंजुरी लागते. ते तलाठ्याकडे पहिल्याच आठवड्यात तपासा.