मोकळ्या कोंबड्या धडधाकट दिसतात, पण जिवाणूंचे काय?

मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्या धडधाकट असतील, तर त्यांच्या मांसातून किंवा अंड्यांतून विषबाधा होण्याची भीती पिंजऱ्यातील कोंबड्यांपेक्षा कमी मानावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे, कारण माणसाला आजारी पाडणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू कोंबडीला बहुधा काहीच करत नाहीत.

कॅम्पिलोबॅक्टरचेच पाहा. त्याची वाढ ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम होते आणि कोंबडीच्या शरीराचे तापमानही जवळपास तेवढेच असते. त्यामुळे तिच्या आतड्यात तो घरजावयासारखा ठाण मांडतो आणि तिच्या खाण्यात वा वजनात सहसा फरक दिसत नाही. पिल्ले पहिले दोन-तीन आठवडे बहुधा त्यापासून मुक्त राहतात, पण पुढे एका पक्ष्यात शिरकाव झाला की सामाईक पाण्यातून आणि विष्ठेतून थोड्याच दिवसांत बहुतेक कळप बाधित होतो. मोकळ्या पक्ष्यांचा डबकी, माश्या, रानपक्षी आणि जनावरांचे शेण यांच्याशी सतत संबंध येतो, शिवाय ते अनेकदा जास्त दिवस पाळले जातात. म्हणून या जिवाणूपुरता मोकळेपणा तोट्याचाच ठरू शकतो.

साल्मोनेलाचे गणित निराळे आहे. कॅम्पिलोबॅक्टर कोरडेपणात लवकर मरतो, तर साल्मोनेला वाळलेल्या विष्ठेत आणि धुळीत महिनोन्महिने तग धरतो. उंदीर त्याचा प्रसार करतात, त्यामुळे दिवसभर कुरणात फिरलेली कोंबडी रात्री घाणेरड्या खुराड्यात परतत असेल, तर दिवसाच्या मोकळ्या हवेचा काही उपयोग नाही. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा प्रकार तर अंडाशयात शिरून, कवच तयार होण्याआधीच अंड्यात उतरू शकतो. म्हणजे स्वच्छ, न तडकलेले अंडेही निर्धोकच असेल असे नाही.

प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू पिल्लांना दिल्यास साल्मोनेलाला जागा मिळणे अवघड होते, हे फिनलंडच्या नूर्मी आणि रांताला या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवले. मात्र माती उकरणाऱ्या पिल्लांना हे संरक्षण आपोआप मिळते, असा निष्कर्ष त्यातून काढू नये.

आपण पाण्याची भांडी रोज धुवावीत, उंदरांचा बंदोबस्त करावा आणि खुराड्यासाठी वेगळी पादत्राणे ठेवावीत. स्वयंपाकघरात कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. जिवाणू धुतल्याने नव्हे, तर मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश तापमान पोहोचल्याने मरतात.